धनुर्वाताचे विष आणि पेशीच्या आतले पडदे

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत आषाढ लागला की भाताच्या खाचरांतून चिखलणीची आणि लावणीची लगबग सुरू होते. अनवाणी पाय, गुडघाभर चिखल, शेणखत आणि बांधावरचे काटे यांच्याशी रोजचीच गाठ असते. या भागात सापाची भीती प्रत्येकाला आहे. साप चावला की रुग्णाला दवाखान्यात नेण्यासाठी सारा पाडा धावतो. पायात गंजका खिळा घुसला, विळ्याने बोट कापले किंवा करवंदीचा काटा मोडला, तर मात्र जखमेवर हळद दाबून काम पुढे चालू राहते. बहुतेक वेळा जखम भरूनही येते. पण एखाद्या खोल जखमेत धनुर्वाताचे जिवाणू रुजले असतील, तर आठवडा-दहा दिवसांनी, जखमेचा विसर पडल्यानंतर, जबडा आवळू लागतो. दातखीळ बसते, मान ताठते, पाठ धनुष्यासारखी वाकते आणि मोठा आवाज किंवा नुसता स्पर्शही झटका आणण्यास पुरेसा ठरतो. आयुर्वेदात या अवस्थेला ‘धनुःस्तंभ’ म्हटले आहे, ते या वाकण्यावरूनच.

या रोगावर प्रतिविष उपलब्ध आहे आणि तेही शंभरहून अधिक वर्षांपासून. असे असूनही लक्षणे दिसू लागल्यावर प्रतिविष दिले, तरी झटके लगेच थांबत नाहीत. रुग्णाला कित्येक आठवडे अतिदक्षता विभागात झुंजावे लागते आणि उत्तम उपचार मिळूनही काही रुग्ण दगावतात. रक्तात औषध आहे, शरीरात विष आहे, मग दोघांची गाठ का पडत नाही? या प्रश्नाचे उत्तर आपल्या पेशींच्या रचनेत आहे. ते समजून घेतले, तर लसीची वेळ का चुकवू नये हेही आपोआप उमगते.

पेशी : अनेक खोल्यांचा वाडा

शाळेतील आकृतीत पेशी म्हणजे एक गोल आणि त्यात केंद्रकाचा ठिपका असे दाखवतात. प्रत्यक्षात ती अनेक खोल्यांच्या वाड्यासारखी असते. बाहेरच्या तटबंदीला पेशीपटल म्हणतात. हा पडदा स्निग्ध पदार्थांच्या रेणूंच्या दोन थरांचा बनलेला असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दोन लाखाव्या भागाएवढी असते. पण याच प्रकारचे पडदे पेशीच्या आतही असतात. ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका, प्रथिने घडवणारी आंतरद्रव्यजालिका, त्या प्रथिनांची वर्गवारी करणारे गॉल्जी पिंड या साऱ्यांना स्वतःची आवरणे असतात. त्यांच्यामध्ये मालाची ने-आण करणाऱ्या असंख्य सूक्ष्म पिशव्याही पडद्याच्याच बनलेल्या असतात.

बाहेरचा एखादा पदार्थ आत घ्यायचा असेल, तर पेशीपटलाला तेथे खळगा पडतो, तो खळगा तुटून आत येतो आणि त्याची पिशवी होते. पदार्थ पेशीच्या आत आलेला असतो, पण पिशवीचा पडदा त्याच्याभोवती असतोच. देवडीत आलेला पाहुणा अजून माजघरात पोहोचलेला नसतो, तसेच हे आहे. पेशीची खरी यंत्रणा या पडद्याच्या पलीकडे, पेशीद्रवात चाललेली असते. अनेक जिवाणूंच्या विषांचे सारे कसब हा आतला पडदा ओलांडण्यात, त्याला भोके पाडण्यात किंवा त्याच्यावरील एखादा नेमका भाग तोडण्यात आहे.

घटसर्प : आम्लाची खूण

या विषांपैकी फार बारकाईने अभ्यासले गेलेले एक म्हणजे घटसर्पाचे विष. घटसर्पात जिवाणू घशातच राहतो, पण हृदय आणि मज्जातंतू निकामी होतात. म्हणजे जिवाणू नव्हे, तर त्याने सोडलेले काहीतरी शरीरभर फिरते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील एमिल रू आणि अलेक्झांडर येर्सिन यांनी १८८८ मध्ये ते विष वेगळे करून दाखवले.

हे विष एक प्रथिन आहे. त्याचा एक भाग पेशीपटलाला चिकटतो, एक भाग पडदा ओलांडण्याचे काम करतो आणि तिसरा भाग प्रत्यक्ष घातक असतो. चिकटलेल्या विषाला पेशी नेहमीच्या सवयीने पिशवीत आत घेते. आत घेतलेल्या पिशव्यांत आम्ल सोडण्याची पेशीची पद्धत आहे. इतर प्रथिने तेथे सैल होऊन विघटनाच्या वाटेला लागतात. घटसर्पाचे विष मात्र याच आम्लाची वाट पाहत असते. आम्लता वाढताच त्याचा मधला भाग आकार बदलतो, पिशवीच्या पडद्यात घुसतो आणि घातक भागाला पलीकडे पेशीद्रवात जाण्यास वाट करून देतो. तेथे तो भाग प्रथिननिर्मितीसाठी अत्यावश्यक असलेल्या एका घटकाला कायमचे निकामी करतो. हा घातक भाग स्वतः न संपता एकामागून एक घटक बाद करत जातो. त्याचा एकच रेणू पेशी मारण्यास पुरेसा ठरतो, हे १९७८ मध्ये जपानी संशोधकांनी प्रयोगाने सिद्ध केले.

पटकी : मागच्या दाराने प्रवेश

पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, विषाची वाट याहून लांबची आहे. पटकीचा जिवाणू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात वेगळा केला होता, पण जुलाब नेमके कशाने होतात हे अनेक दशके स्पष्ट नव्हते. कोलकात्याचेच शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये जिवाणू काढून टाकलेल्या द्रवानेही आतड्यात पाणी साचते हे दाखवले आणि विषाचे अस्तित्व सिद्ध झाले.

हे विष आम्लाची वाट पाहत नाही. आतड्याच्या पेशीत शिरल्यावर ते पिशव्यांतून उलट्या दिशेने प्रवास करते आणि प्रथिने घडवणाऱ्या आंतरद्रव्यजालिकेत पोहोचते. चुकीची घडण झालेली प्रथिने तेथून बाहेर फेकण्याची पेशीची व्यवस्था असते. विषाचा घातक भाग अशा टाकाऊ प्रथिनाचे सोंग घेतो आणि पेशीच त्याला पडद्यापलीकडे पोहोचवते. त्यानंतर पेशीतील एक कळ दाबलेल्या स्थितीत अडकते, क्षार आणि त्यामागून पाणी आतड्यात वाहू लागते आणि रुग्ण काही तासांत कोरडा पडतो.

आत गेलेले हे विष बाहेर काढता येत नाही. तरीही पटकीचा रुग्ण वाचवता येतो, कारण साखर आणि मीठ एकत्र आत घेणारे पेशीचे दुसरे दार या विषाने बंद केलेले नसते. जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, त्याच दाराने शरीरात पाणी पोहोचवते. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी हा उपाय मोठ्या प्रमाणावर वापरून हजारोंचे प्राण वाचवले. तानसा आणि भातसा जलाशयांतून मुंबईची तहान भागवणाऱ्या शहापूर तालुक्यातील अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. विहीर आटत आली की पाणी दूषित होण्याची शक्यता वाढते. अशा वेळी घरात ओआरएसची पाकिटे असणे किती मोलाचे, हे वेगळे सांगायला नको.

क्षय : पडद्याला भोके

काही जिवाणू विषाला पुढे न पाठवता स्वतःच पेशीत उतरतात. क्षयाचा जिवाणू आपल्या भक्षक पेशींच्या पिशवीत राहतो. तेथेच त्याला पचवून टाकण्याचा पेशीचा बेत असतो. पण त्याच्याजवळ प्रथिने बाहेर टाकणारी एक खास यंत्रणा असते आणि तिच्या साहाय्याने तो त्या पिशवीचा पडदा फाडू शकतो. जन्मल्यावर बाळाच्या डाव्या दंडावर जी बीसीजीची लस टोचतात, तिच्यातला जिवाणू याच यंत्रणेची जनुके गमावून बसलेला आहे. काल्मेट आणि गेराँ यांनी वर्षानुवर्षे तो प्रयोगशाळेत वाढवला आणि १९२१ मध्ये त्याची लस प्रथम दिली. तो निरुपद्रवी का झाला, याचे हे महत्त्वाचे कारण मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस जनुकांचा अभ्यास सुरू झाल्यावर उलगडत गेले.

धनुर्वात : पायापासून मज्जारज्जूपर्यंत

आता पुन्हा खाचरातील त्या जखमेकडे वळू. धनुर्वाताचा जिवाणू गुरांच्या आणि घोड्यांच्या आतड्यांत, शेणात आणि मातीत आढळतो. कठीण कवचाच्या बीजाणूंच्या रूपात तो मातीत वर्षानुवर्षे टिकतो. त्याला हवेतला प्राणवायू सोसत नाही. म्हणून वरवरच्या ओरखड्यापेक्षा काट्याची किंवा खिळ्याची खोल, तोंड मिटलेली जखम त्याला मानवते. तेथे बीजाणू रुजतो आणि विष सोडू लागतो. हे विष इतके जहाल आहे, की शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे अडीच नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे अडीच अब्जांश, इतकी मात्राही माणसाला प्राणघातक ठरू शकते, असा अंदाज आहे.

स्नायूंजवळ पोहोचलेल्या चेतापेशीच्या टोकात हे विष शिरते. तेथून पिशवीत बसून ते चेतातंतूच्या आतून उलटे, मज्जारज्जूच्या दिशेने निघते. जखम मज्जारज्जूपासून जितकी दूर, तितकी लक्षणे दिसण्यास बहुधा अधिक दिवस लागतात, ते यामुळेच. हा काळ सामान्यतः तीन ते एकवीस दिवसांचा असतो. मज्जारज्जूत पोहोचल्यावर विष पहिल्या चेतापेशीतून बाहेर पडते आणि शेजारच्या दुसऱ्या चेतापेशीत शिरते. ही दुसरी पेशी लगामाचे काम करते. एक स्नायू आखडताना समोरच्या स्नायूला सैल राहण्याचा निरोप तीच देते.

निरोप देण्याची रीत अशी. चेतापेशीच्या टोकाशी संदेशद्रव्याने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या तयार असतात. पिशवीच्या पडद्यावर एक प्रथिन रोवलेले असते आणि त्याची जोडीदार प्रथिने बाहेरच्या पेशीपटलावर असतात. दोन्हींचा पीळ बसला की पिशवी पेशीपटलाशी एकरूप होते आणि संदेशद्रव्य बाहेर सांडते. पेशीतील पिशव्यांची ही वाहतूक उलगडून दाखवणाऱ्या जेम्स रॉथमन, रँडी शेकमन आणि थॉमस स्यूडहॉफ यांना २०१३ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

धनुर्वाताचे विष याच पिशव्यांत बसून आत जाते. संदेशद्रव्य भरून घेण्यासाठी पिशवीत आम्लता निर्माण होते, विष आकार बदलते आणि त्याचा घातक भाग पडदा ओलांडतो. हा भाग म्हणजे जस्ताचा अणू बाळगणारी कात्री आहे. पिशवीच्या पडद्यावर रोवलेले ते प्रथिन तो एका ठरावीक जागी कापतो. इटलीतील पादुआ विद्यापीठाचे जांपिएत्रो स्कियावो, चेझारे मोन्तेकुक्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हे शोधून काढले. पिशव्या भरलेल्या असतात, पण पेशीपटलाशी जुळत नाहीत. लगामाचा निरोप जात नाही आणि समोरासमोरचे स्नायू एकाच वेळी आखडतात.

बोटुलिनम हे याच कुळातील विष. त्याचा एक प्रकार तर हेच प्रथिन त्याच जागी कापतो. पण ते मज्जारज्जूपर्यंत न जाता स्नायूजवळच्या टोकातच काम करते, त्यामुळे स्नायू ताठण्याऐवजी लुळे पडतात. सुरकुत्या घालवण्यासाठी ‘बोटॉक्स’ नावाने टोचले जाते ते याच विषाचे अत्यल्प प्रमाण. कात्री तीच असली, तरी ती कोणत्या पेशीत पोहोचते यावर परिणाम अवलंबून असतो.

प्रतिविष कुठे थांबते?

एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी १८९० मध्ये दाखवले, की धनुर्वाताचे विष थोडे थोडे टोचलेल्या प्राण्याच्या रक्तात त्या विषाला निष्प्रभ करणारे द्रव्य तयार होते. त्यातून घोड्यांपासून प्रतिविष बनवण्याची पद्धत आली. महाराष्ट्राचा या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. परळच्या हाफकिन संस्थेत अशी प्रतिविषे तयार होत असत आणि पूनावाला कुटुंबाच्या पागेतील घोडे त्यासाठी दिले जात. त्यातूनच प्रेरणा घेऊन सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये पुण्यात सिरम इन्स्टिट्यूटची स्थापना केली. धनुर्वाताचे प्रतिविष हे तिचे आरंभीचे उत्पादन होते. ज्या जनावराच्या आतड्यात हा जिवाणू नांदतो, त्यानेच माणसाला त्यावरचे औषध दिले. आता घोड्याच्या रक्तद्रवाऐवजी मानवी रक्तातील प्रतिद्रव्यांचे इंजेक्शन देणे अधिक सुरक्षित मानले जाते.

पण घोड्याची असोत वा माणसाची, प्रतिद्रव्ये ही मोठी प्रथिने असतात. रक्तात आणि पेशींमधल्या द्रवात ती मुक्तपणे फिरतात. पेशीपटल ओलांडून पेशीद्रवात जाण्याची सोय मात्र त्यांच्याजवळ नसते. जखमेत आणि रक्तात असलेल्या विषाला ती घट्ट धरून बाद करतात, पण चेतापेशीत शिरलेल्या विषापर्यंत त्यांचा हात पोहोचत नाही. प्रतिजैविके जिवाणूला मारतात, आधीच सुटलेल्या विषाला नाही. म्हणूनच झटके सुरू झाल्यावर डॉक्टरांच्या हाती उरते ते नव्या विषाचा पुरवठा तोडणे, जखम साफ करणे, स्नायू सैल करणारी औषधे देणे आणि श्वास चालू ठेवणे. कापली गेलेली यंत्रणा चेतापेशी पुन्हा उभारीपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. घटसर्पातही तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता प्रतिविष देतात, कारण उशीर होईल तसतसे पेशीत शिरलेले विष वाढत जाते आणि मृत्यूचा धोकाही वाढतो.

लस : विषाच्या आधी पोहोचण्याचा मार्ग

म्हणजे प्रतिद्रव्ये हवीत ती विष येण्याच्या आधी. फॉर्मॅलिनने निर्विष केलेले, पण ओळख कायम ठेवलेले विष टोचण्याची युक्ती फ्रान्सच्या गॅस्तों रामों यांनी १९२० च्या दशकात रूढ केली. आजच्या धनुर्वात आणि घटसर्पाच्या लसी याच प्रकारच्या आहेत.

धनुर्वाताबाबत दोन गोष्टी विशेष लक्षात ठेवाव्यात. गोवर एकदा होऊन गेला की सहसा पुन्हा होत नाही, पण धनुर्वातातून बरा झालेला माणूस सुरक्षित नसतो. प्राण घेण्यास पुरेसे होणारे विष इतके थोडे असते, की शरीराला त्याची ओळखच पटत नाही. बरे झाल्यावरही लस घ्यावीच लागते. दुसरी गोष्ट अशी, की हा रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही, तो मातीतून येतो. त्यामुळे साऱ्या गावाने लस घेतली आणि एकट्याने टाळली, तर त्या एकट्याला गावाच्या लसीचा काहीही आडोसा मिळत नाही. देवी रोगाप्रमाणे याचे उच्चाटनही होऊ शकत नाही, कारण बीजाणू मातीत राहणारच.

नवजात बाळाचा धनुर्वात हे या रोगाचे सर्वांत करुण रूप. अस्वच्छ पात्याने नाळ कापली किंवा नाळेवर शेण, राख असे काही लावले की बाळाला सात-आठ दिवसांत दूध ओढता येईनासे होते. गरोदरपणी आईला लस दिली, तर तिची प्रतिद्रव्ये वारेतून बाळाच्या रक्तात जातात. इतर पेशींत न शिरणाऱ्या प्रतिद्रव्यांसाठी निसर्गाने येथे मात्र खास वाहतूक ठेवली आहे. लसीकरण, दवाखान्यातील बाळंतपणे आणि स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा व कोरडी, स्वच्छ नाळ या ‘पाच स्वच्छतां’मुळे चित्र बदलले. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे दूरीकरण झाल्याचे मान्य केले. त्याचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात वर्षाला हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, असा आहे. लसीकरण ढिले पडले, तर ही मर्यादा पुन्हा ओलांडली जाऊ शकते.

शहापूर-मुरबाडसाठी याचा अर्थ

बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी पेंटाव्हॅलेंट लस, सोळा ते चोवीस महिन्यांत आणि पाच-सहा वर्षांचे असताना वर्धक मात्रा, पुढे दहाव्या आणि सोळाव्या वर्षी ‘टीडी’ असा सरकारी कार्यक्रम आहे. पूर्वीच्या ‘टीटी’ची जागा आता ‘टीडी’ने घेतली असून तीत धनुर्वाताबरोबर घटसर्पाचेही संरक्षण मिळते. गरोदर स्त्रीला नोंदणी होताच एक आणि चार आठवड्यांनी दुसरी मात्रा देतात. आधीच्या गरोदरपणात दोन मात्रा घेऊन तीन वर्षे झाली नसतील, तर एक वर्धक मात्रा पुरते.

अडचण येते ती वेळापत्रक आणि जगण्याचे चक्र जुळत नाही तेथे. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. बाळाच्या मात्रा नेमक्या या काळात येतात. भट्टी दुसऱ्या तालुक्यात असली, तरी तेथील आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात लस विनामूल्य मिळते. त्यासाठी लसीकरणाचे कार्ड मात्र सोबत हवे. मध्ये खंड पडला, तरी सुरुवातीपासून आरंभ करावा लागत नाही, राहिलेल्या मात्रा पूर्ण कराव्या लागतात. ही साधी गोष्ट ठाऊक नसल्याने ‘आता उशीर झाला’ म्हणून कित्येक पालक पुढे जातच नाहीत.

दुसरी अडचण प्रौढ पुरुषांची. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम देशात १९८५ मध्ये सुरू झाला. त्याआधी जन्मलेल्या अनेकांना बालपणीच्या मात्रा मिळालेल्याच नाहीत. स्त्रियांना निदान गरोदरपणी लस मिळते, पुरुषांना ती जखम झाली आणि दवाखाना गाठला तरच. म्हशाच्या यात्रेतील गुरांच्या बाजारात फिरणारा असो की घरच्या गोठ्यात राबणारा, चाळिशी-पन्नाशीच्या शेतकऱ्याने शेवटची मात्रा कधी घेतली हे आठवून पाहावे. मूळच्या मात्रा पूर्ण असतील, तर साधारण दर दहा वर्षांनी एक मात्रा घ्यावी. माती-शेण लागलेली खोल जखम झाली आणि शेवटच्या मात्रेला पाच वर्षे उलटली असतील, तर लगेच घ्यावी. ज्याला एकूण तीन मात्राही मिळालेल्या नाहीत, त्याला अशा जखमेनंतर लसीबरोबर तयार प्रतिद्रव्यांचे इंजेक्शनही लागू शकते. कारण लसीने शरीरात प्रतिद्रव्ये तयार होण्यास वेळ लागतो आणि विष तेवढी वाट पाहत नाही.

जखम झाल्याबरोबर ती वाहत्या स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी. मोडलेला काटा, माती आत राहू देऊ नये. शेण, राख, चुना लावू नये. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, आरोग्य केंद्र गाठावे. जखमेपासून लक्षणांपर्यंतचे जे आठ-दहा दिवस शांत वाटतात, त्याच दिवसांत विषाचा पायापासून मज्जारज्जूकडे प्रवास चालू असतो. ते पडद्याआड जाण्यापूर्वी त्याला गाठायचे असेल, तर लावणी एक दिवस मागे पडली तरी चालेल, इंजेक्शन मात्र मागे पडू देऊ नये.